पलीकडची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या शनिवारी आमच्या कॉलेजच्या मुलींची फुटबॉलची मॅच झाली. मी त्यांची कोच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली, गटातली शेवटची. पुढच्या फेरीत जायचं तर आम्हाला जिंकणं भाग होतं, समोरच्या संघाला बरोबरी पुरत होती. मॅच १-१ अशी सुटली आणि आमची स्पर्धा तिथंच संपली. मैदानाबाहेर पडताना भेटेल तो म्हणत होता, "मॅडम, पोरी जीव तोडून खेळल्या." खरंच खेळल्या. त्याबद्दल सांगणारच आहे. पण त्या नव्वद मिनिटांतलं एक मिनिट माझं होतं, ६६वं, आणि आज मी आले आहे ती त्याच्याबद्दल बोलायला.

पहिला हाफ आमचा होता. ३१व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, आमच्या सेंटर बॅकनं उंच उडी घेऊन हेडर मारला आणि बॉल जाळीत गेला. पण माझ्या मनात भरली होती ती आमची राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू. ती संघाची कॅप्टन आहे, तिसऱ्या वर्षाला. बचाव करता करता संधी मिळाली की मैदानाच्या कडेची टचलाइन धरून पुढं सुटायचं, क्रॉस द्यायचा आणि बॉल गेला की तितक्याच वेगानं मागं यायचं, असं तिचं काम. पहिल्या हाफमध्ये ती माझ्या अगदी समोरून धावत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. बुटांखाली गवत उखडलेलं दिसत होतं. मी हळू आवाजात "आत ये" म्हटलं तरी तिला कळत होतं.

आता एक साधी गोष्ट सांगते. फुटबॉल रोज न पाहणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही, आणि मी इतकी वर्षं कोचिंग करूनही त्या दिवशी विसरले. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात. गोल बदलतात, पण बेंच तिथंच राहतो. म्हणजे पहिल्या हाफमध्ये जी राइट बॅक माझ्या नाकासमोर खेळत होती, ती दुसऱ्या हाफमध्ये मैदानाच्या पलीकडच्या कडेला गेली. मध्ये साठ-पासष्ट मीटरचं अंतर, वीस-एकवीस जणींची धावपळ, आणि मी जमिनीच्या पातळीवर उभी. कोचला ठरावीक चौकटीबाहेर पाऊल टाकता येत नाही. तिथून मैदान चपटं दिसतं. पलीकडची बाजू म्हणजे नुसते रंग हलताना दिसतात. जर्सी ओळखू येते, चेहरा नाही.

५८व्या मिनिटाला त्यांच्या कोचनं एक ताज्या दमाची विंगर आत सोडली. डाव्या कडेनं हल्ला करणारी, म्हणजे नेमकी आमच्या राइट बॅकच्या अंगावर येणारी. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक दुसरा-तिसरा पास त्याच बाजूला जाऊ लागला. त्या कोचना मी मनापासून दाद देते. त्यांनी जे पाहिलं ते मी पाहायला हवं होतं.

आमच्या बेंचवर पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. तीही राइट बॅक. पूर्ण स्पर्धेत तिला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली असतील. ६०व्या मिनिटाला मी तिला वॉर्म-अपला पाठवलं. सहा मिनिटांनी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बिब, म्हणजे राखीव खेळाडू जर्सीवरून घालतात ते रंगीत बनियन, काढून हातात घेतलेली, शिन गार्ड नीट बसवलेले, बुटांची नाडी दुहेरी गाठ मारून बांधलेली. बदली खेळाडू आत घ्यायचा तर खेळ थांबावा लागतो आणि रेफ्रीनं खूण केल्यावर मध्यरेषेवरून आत जावं लागतं. खेळ थांबला. पलीकडेच बॉल बाहेर गेला, थ्रो-इन मिळाला. २०१९ पासून नियमच असा आहे, की बाहेर येणाऱ्या खेळाडूनं जवळच्या रेषेवरून मैदान सोडायचं. म्हणजे कॅप्टन तिथल्या तिथं दोन पावलांत बाहेर पडली असती. माझे दोनच बदल झाले होते, आणखी तीन हातात होते. सगळं जुळून आलं होतं.

मी त्या मुलीच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "थांब जरा."

का म्हणाले? त्याच्या आधीच्याच मिनिटाला कॅप्टननं पुढं जाऊन सुंदर क्रॉस दिला होता. एवढी रंगात आलेली मुलगी, तीही कॅप्टन, तिला बाहेर कशी काढायची, असं मला वाटलं. एवढंच कारण.

७१व्या मिनिटाला त्याच बाजूनं त्यांची विंगर सुटली. आमची राइट बॅक तिच्या चार पावलं मागं होती आणि ती चार पावलं शेवटपर्यंत भरून निघाली नाहीत. क्रॉस आला, त्यांच्या स्ट्रायकरनं पाय लावला. १-१.

७२व्या मिनिटाला मी बदल केला. नवी मुलगी आत गेली. पहिलाच बॉल घेऊन ती विंगर तिच्यावर चालून आली. नवखी खेळाडू अशा वेळी घाईनं पाय घालते आणि चकते. हिनं पाय घातला नाही. अंगाची एक बाजू पुढं ठेवून, छोटी छोटी पावलं टाकत मागं मागं सरकत राहिली, विंगरला बाहेरच्या बाहेर ढकलत नेलं, आणि शेवटी बॉल रेषेपलीकडं गेला. पुढच्या अठरा मिनिटांत त्या बाजूनं एकही धोक्याचा क्रॉस आला नाही.

ती अठरा मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही. दोन्ही संघांना गोल हवा होता. त्यांना बरोबरी चालत होती तरी त्या मागं बसल्या नाहीत, याचा मला आदर वाटतो. आमच्या गोलकीपरनं दोनदा वाचवलं. त्यातला एक बॉल तर ७ मीटर ३२ सेंटीमीटर रुंदीच्या त्या चौकटीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झेपावून, बोटांच्या पेरांनी. आमचा एक फटका क्रॉसबारवर आदळला. त्याचा आवाज मला अजून रात्री ऐकू येतो. मिडफील्डमधल्या एका मुलीच्या पोटरीत गोळा आला. तो सोडवायला समोरच्या संघाची मुलगी धावली, तिनं तिचा पाय उचलून पंजा मागं दाबून धरला. शिट्टी वाजली तेव्हा उभं राहण्याचं त्राण मोजक्याच जणींत उरलं होतं.

रविवारी मी रेकॉर्डिंग घेऊन बसले. आमच्याच एका विद्यार्थिनीनं स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून केलेलं. एकदा पाहिलं ते बॉलच्या मागं मागं. त्यात काहीच वावगं दिसलं नाही. दुसऱ्यांदा बॉल दिसला की स्क्रीनवर तळहात ठेवायचा आणि फक्त राइट बॅककडं पाहायचं, असं ठरवलं. फुटबॉलमध्ये एकेका खेळाडूच्या पायाशी नव्वद मिनिटांत बॉल असतो तो दोन-तीन मिनिटं. बाकीचा वेळ ती बॉलशिवायच खेळत असते. तो खेळ मी पाहिलाच नव्हता.

६१व्या मिनिटाला तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर आहेत. ६३व्या मिनिटाला तिनं मोजे खाली ओढले आहेत. पोटऱ्या आवळायला लागल्या की खेळाडू हेच करतात. ६४व्या मिनिटाचा थ्रो-इन तिचा होता, तो तिनं दुसरीला घेऊ दिला. मग ६५वं मिनिट, तो सुंदर क्रॉस. त्यानंतर ती मागं येताना चालत आली आहे. धावत नाही, चालत. थकवा असा असतो श्रोतेहो. पुढं धावायला माणसाला कुठून तरी बळ येतं, कारण पुढं गोल असतो, टाळ्या असतात. थकवा दिसतो परत येताना. आणि रेकॉर्डिंगमध्ये नेमकं त्याच क्षणी माझा आवाज ऐकू येतो: "शाब्बास!"

मी ज्या पिढीतली आहे तिच्या मनावर एक छायाचित्र कोरलेलं आहे. १९७० चा मेक्सिकोतला विश्वचषक, इटली आणि पश्चिम जर्मनी यांचा उपांत्य सामना. जर्मनीच्या बेकेनबाउअरचा खांदा निखळलेला, हात छातीशी बांधलेला, आणि तसाच तो खेळतो आहे. शाळेत असताना मी ते चित्र वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. खेळाडू असावा तर असा, मैदान सोडू नये, हे तिथून माझ्या अंगात मुरलं. पण त्या चित्रातली एक गोष्ट मी कधी नीट मनावर घेतली नाही. विश्वचषकात बदली खेळाडूंची मुभा त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती, फक्त दोन, आणि जर्मनीचे दोन्ही बदल तेव्हा होऊन गेले होते. बेकेनबाउअर बाहेर गेला असता तर संघ दहा जणांवर आला असता. तो राहिला, कारण दुसरा मार्गच नव्हता. जर्मनी तो सामना जादा वेळेत ४-३ हरली. माझ्यापाशी शनिवारी तीन बदल शिल्लक होते आणि नाडी घट्ट बांधून एक मुलगी शेजारी उभी होती.

मंगळवारी सगळा संघ जमला. मी त्यांना ते रेकॉर्डिंग दाखवलं, ६०व्या मिनिटापासून ७१व्यापर्यंत, आणि म्हणाले की हा गोल माझ्या नावावर लिहा. खोलीत कुणी बोलेना. पहिल्या वर्षाची ती मुलगी खाली पाहत होती. मी तिच्याकडं वळून म्हणाले, "तू तयार होतीस. मी नव्हते." तिनं फक्त मान हलवली.

मग कॅप्टन म्हणाली, "मॅडम, मी हात वर करणार होते. बाहेर घ्या म्हणून. पण तेवढ्यात तुम्ही शाब्बास म्हणालात."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. म्हणून आम्ही एक काम केलं. आता बेंचवर बसलेल्या मुलींपैकी एकीनं बॉल पाहायचाच नाही. तिनं फक्त पलीकडच्या कडेची आमची खेळाडू पाहायची. हात कुठं आहेत, मोजे कुठं आहेत, परत येताना धावते की चालते. आणि दिसलं ते मला सांगायचं, मी कितीही रंगात आलेली असले तरी. पहिल्या दिवशी हे काम कोण करणार विचारल्यावर पहिल्या वर्षाच्या त्या मुलीनंच हात वर केला.

गुरुवारी आपसात सराव सामना लावला होता. पहिल्याच हाफमध्ये, मी मिडफील्डकडं पाहून ओरडत असताना, माझ्या कोपराला हात लागला.

"मॅडम, लेफ्ट बॅक आत्ता दोनदा चालत परत आली."

मी पाहिलं. मोजे घोट्यापर्यंत उतरले होते. मी बेंचकडं वळून म्हणाले, "बिब काढ."