मांसातलं वेटोळं

[दृश्य : खालून उजेड सोडलेली काच, तिच्यावर कातडी काढलेली माशाची तुकडी]

दिवा लागला की मांस दुधी काचेसारखं उजळतं. आता पोटाकडच्या पातळ भागात बघा. मसुरीच्या दाण्याएवढं वेटोळं दिसलं? चिमट्यानं अलगद सोडवलं की दोन-तीन सेंटिमीटरचा पांढुरका धागा हाती येतो. आणि धागा वळवळतो.

हा ॲनिसाकिस जातीचा कृमी, अजून अळीच्या अवस्थेतला. मासा नासला म्हणून तो इथे आलेला नाही. मासा जिवंत असतानाच तो आत होता. त्याला गाठायचंय देवमाशाचं किंवा डॉल्फिनचं जठर. तिथेच तो प्रौढ होतो, अंडी घालतो. अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. त्यांतल्या अळ्या क्रिलसारख्या, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या, जीवांच्या पोटात जातात, क्रिलला मासे खातात, त्या माशांना मोठे मासे. गिळलेल्या माशातल्या अळ्याही खाणाऱ्याकडे येतात, म्हणून मोठ्या माशात त्यांची दाटी जास्त. बहुतेक अळ्या आतडी आणि यकृताभोवती वेटोळं घालून बसतात. मासा मेला की काही मांसात शिरतात. पकडल्यावर लगेच पोट साफ करण्याची घाई असते ती यासाठीही.

[दृश्य : एन्डोस्कोपीचा पडदा]

आता ही अळी चुकीच्या घरात शिरली आहे, माणसाच्या पोटात. मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला, तर जिवंत अळी जठराच्या अस्तरात तोंड खुपसते. काही तासांतच कळा सुरू होतात, उलट्या होतात. नळीतून चिमटा घालून ओढून काढली, की रुग्णाला बहुधा लगेच आराम पडतो. या दुखण्याचं मूळ १९६० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उलगडलं. रुग्णांनी हलकं मीठ लावलेला हेरिंग मासा खाल्ला होता.

लिंबू, व्हिनेगर, हलकं मीठ? ही अळी त्यांना सहज पुरून उरते.

बरं, हा दिवाही सगळं दाखवत नाही. तुकडी जाड असली, मांस गडद असलं, की उजेड आरपार जात नाही. कच्चा खायचा मासा म्हणूनच आधी गोठवतात : उणे २० अंशांना सात दिवस. शिजवायचा तर आतल्या गाभ्यापर्यंत ६० अंशांच्या वर. घरातला फ्रीझर उणे २० गाठतोच असं नाही, तेवढं तपासून घ्या.

ज्यांना या कृमीची ॲलर्जी आहे, त्यांना मात्र मेलेली अळीही त्रास देऊ शकते.

[दृश्य : चिमटा पुन्हा काचेवर. पुढची तुकडी]