मेदोकची खडी

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांची आंब्याची कलमं आहेत, म्हणून माझं काम सोपं आहे. कातळावरचा हापूस आणि खालच्या मळ्यातल्या भारी मातीतला हापूस यांच्या चवीतला फरक तुम्हाला सांगायची गरज नाही. तेवढं मनात ठेवा आणि माझ्याबरोबर फ्रान्सला चला.

बोर्दो शहराच्या उत्तरेला मेदोक नावाचा लांबट पट्टा आहे. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला जिरोंदची रुंद खाडी. बराचसा भाग पूर्वी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून ते पाणी काढून दिलं आणि खडीचे उंचवटे लागवडीला मोकळे झाले. आपल्या सड्यांसमोर, म्हणजे कातळाच्या पठारांसमोर, हे उंचवटे काहीच नाहीत, वीस-तीस मीटर फार तर. पण पोयाक, मार्गो या गावांची जगभर नावाजलेली तांबडी वाइन याच उंचवट्यांवर होते.

ही खडी नद्यांनी फार पूर्वी डोंगरांतून वाहून आणलेली. फिकट, गुळगुळीत गोटे, मध्ये वाळू, कुठे थोडी चिकणमाती. गहू पेरायचा तर ही जमीन कुणी फुकटही घेणार नाही. मग द्राक्षाला तिच्यात काय मिळतं? बोर्दो विद्यापीठातले जेरार सेगँ यांनी या जमिनी वर्षानुवर्षं तपासल्या. मातीतल्या अन्नद्रव्यांत त्यांना उत्तर मिळालं नाही. मिळालं ते पाण्यात.

पाऊस पडला की खडीतून निचरा होतो, मुळांशी पाणी साचत नाही. मुळं खोल जातात. उन्हाळ्यात तिथून वेलीला पाणी मिळतं, पण हात आखडून. ऑगस्टच्या सुमारास द्राक्षं रंग धरू लागतात, त्या वेळी हा ताण बसलेला असावा लागतो. मग शेंडा वाढायचा थांबतो आणि वेलीची ताकद घडाकडे वळते. आपण कल्टार हे वाढ रोखणारं औषध घालून पालवी रोखतो आणि मोहोर आणतो ना, वाढ आवरायचं तेच काम तिथे पाण्याचा ताण करतो. दाणा बारीक राहतो. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, त्यामुळे दाणा बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, वाइन घट्ट.

वाइनमध्ये दगडाची चव उतरते असं विकणारे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. दगड चव देत नाही, तो पाणी आणि ऊब सांभाळतो. तिथलं मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकणारं. दिवसभर तापलेली खडी त्याला संध्याकाळनंतरही ऊब देते. ते नीट पिकलं नाही तर वाइनला ढोबळी मिरचीचा हिरवट वास येतो, आणि तो लपवता येत नाही.

ही वाइन कोवळेपणी आवडेलच असं नाही. ओकच्या 225 लिटरच्या पिंपांत साधारण दीड वर्ष काढूनही ती काळपट जांभळी आणि इतकी तुरट असते की हिरड्या कोरड्या पडतात. चांगल्या वर्षाची बाटली वीस वर्षं ठेवली की रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मऊ होतो, तळाशी गाळ बसतो आणि देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूच्या पानाचा वास उमलतो. एवढा धीर धरायला लावणारं पेय मला दुसरं माहीत नाही.

मघाशी कुणीतरी विचारलंत, ही द्राक्षं इथे लावून बघू का? वाइनसाठी मी नाही म्हणेन. मेदोकला वर्षभरात मिळून हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. रत्नागिरीला चार महिन्यांत तीन हजारांवर. केवडा, म्हणजे द्राक्षाचा बुरशीचा रोग, पानं शिल्लक ठेवणार नाही. मेदोकलासुद्धा केवड्याने रडवलं होतं. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. 1882 मध्ये मेदोकमधल्याच सेंट ज्युलियनला मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की केवड्याने सगळीकडे पानगळ झालेली असताना नेमक्या त्याच वेली हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्यांनी मोरचूद-चुन्याचं प्रमाण बसवून ते प्रसिद्ध केलं. सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर आपण सुपारीवर फवारतो ते बोर्डो मिश्रण हेच.