पोलिसांची गाडी: वेगळी घडवावी की सजवावी?

श्रोतेहो, नमस्कार.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीने निघतात, तेव्हा राजवाड्याजवळ उभी असलेली पोलिसांची गाडी जरा निरखून बघा. पहाटेपर्यंत ती जेमतेम किलोमीटरभर सरकते. पण टपावरचा लाल-निळा दिवा चालू, वायरलेस चालू, टॅबलेट चालू, आणि बॅटरी बसू नये म्हणून इंजिनही चालू. घरच्या गाडीच्या नशिबी असं आयुष्य नसतं. मग पोलिसांसाठी मुळातच वेगळी गाडी का घडवू नये?

अमेरिकेत हे करून पाहिलं गेलं. कार्बन मोटर्सने ई-७ ही गाडी फक्त पोलिसांसाठी आखली. मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे, म्हणजे हातकडीतला माणूस आत बसवणं सोपं. मागचा भाग पाण्याने धुता येणारा. आयुष्य सुमारे ४ लाख किलोमीटरचं धरलेलं. २०१० मध्ये बीएमडब्ल्यूकडून २ लाख ४० हजार डिझेल इंजिनं घेण्याचं ठरलं. २०१२ मध्ये सरकारी कर्ज नाकारलं गेलं, २०१३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गाडी नमुन्यापलीकडे गेलीच नाही. कल्पना चांगली होती, हे मान्य करायलाच हवं. घोडं अडलं ते संख्येवर.

हिशेब सोपा आहे. समजा, नवी गाडी आखणं, साचे, अपघात-चाचण्या मिळून ५०० कोटी लागले. १० हजार गाड्या खपल्या, तर पत्र्याचा तुकडा कापण्याआधीच प्रत्येकीवर ५ लाखांचा बोजा. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये डायल १०० या पोलिस मदत सेवेसाठी १,००० सफारी स्टॉर्म आल्या आणि २०२५ मध्ये डायल ११२ साठी स्कॉर्पिओ-एन व बोलेरो निओ धरून १,२०० गाड्या. तेच ५०० कोटी १,२०० वर वाटले, तर गाडीमागे ४१ लाखांहून जास्त! शिवाय पुढची काच फुटली की ती फक्त एकाच ठिकाणाहून मागवायची, तोवर गाडी ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी. बाजारातल्या गाडीचे सुटे भाग निदान गावोगावी मिळतात.

तेव्हा गाडी बाजारातलीच घ्यावी. पैसा आणि डोकं लावायचं ते फिटिंगवर. आणि घोळ होतो तोही तिथेच.

विजेचं बघा. १०० वॅटचा सायरन वाजताना ८-९ अँपिअर ओढतो. २५ वॅटचा वायरलेस सेट बोलताना ६-७, नुसता ऐकताना एकाहून कमी. दिवे, टॅबलेट, कॅमेरा धरून उभ्या गाडीचा सरासरी भार १२ अँपिअर मानू. बॅटरी ६५ अँपिअर-तासांची. तिचा अर्धा भाग वापरला की सकाळी स्टार्टर कुरकुरतो. म्हणजे इंजिन बंद ठेवून हाती पावणेतीन तास. यावर उपाय आहे: उपकरणांसाठी दुसरी बॅटरी आणि दोन्हींच्या मध्ये आयसोलेटर, म्हणजे चार्जिंग एकत्र, पण उपसा वेगळा. हे खर्च वाचवायला गाळलं की इंजिन रात्रभर घरघरत राहतं आणि वाचलेले पैसे डिझेलमध्ये जातात.

दुसरी खोड म्हणजे कंपनीच्या मूळ वायरिंगला चिमटे मारून सायरन जोडणं. आजच्या गाडीत दिव्यांवरही कॉम्प्युटरची नजर असते. अनोळखी भार दिसला की डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतात आणि वॉरंटीवर पाणी पडतं. सायरनची लाइन थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालून आणावी. फ्यूज पार सायरनजवळ बसवला, तर मधली वायर बोनेटमध्ये घासली जाऊन आग लागू शकते. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. टपाला भोक पाडलं असेल तर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, आणि सीलंट हवंच. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी खांबातून उतरून पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचतं. आणि टॅबलेटचा स्टँड? तो एअरबॅगच्या वाटेत नको; धडकेत तोच तोंडावर येईल.

आता इंजिनाकडे येऊ. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रावर ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक आहे, तिथे गाडी किती पळते ते कळतं. इंदुरच्या सराफा बाजारात मात्र ती उभीच असते. फोर्ड अमेरिकेतल्या पोलिस गाड्यांसाठी उभ्या इंजिनाचा एक तास ३३ मैलांच्या, म्हणजे ५३ किलोमीटरच्या बरोबरीचा धरते. रोज ६ तास इंजिन असंच चाललं, तर महिन्यात मीटर न हलता साडेनऊ हजार किलोमीटर झाले! मीटर पाहून ऑइल बदलणारा इथे फसतो. तास मोजूनच सर्व्हिसिंग ठरवावं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरचीही तीच कथा. काजळी जाळायला एक्झॉस्टचा ताव ६०० अंशांच्या आसपास लागतो, तो उभ्या गाडीत सहज येत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, ताकद उतरते. दिवा लागताच ड्रायव्हरने बायपासवर वीसेक मिनिटं एका चालीने, साठच्या वर गाडी पळवून आणावी. टाळाटाळ केली तर वर्कशॉपची पायरी चढावी लागते.

गाडी ताब्यात घेताना आणखी एक करावं. इंजिन बंद करून दिवे, सेट, कॅमेरा सगळं दोन तास चालू ठेवावं, आणि मग चावी फिरवून बघावी. दिवे लागलेले असताना सेटवर खरखर येते का, तेही तेव्हाच ऐकावं. येत असेल, तर आधी अर्थिंगचा नट तपासा. बहुधा तो रंगावरच कसलेला असतो. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा.