नाळेवरची मोटर: आधी टेप, मग पाउंड

(दापोलीत हौशी गळकऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘छोट्या होडीच्या नाळेवर विजेची मोटर कशी बसवावी’. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. बसवण्यावर मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बरेच दिवस मनात साठलीय, ती बोलू द्या. ही मोटर घ्यायला निघालेला आपला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पाउंडाची?’, म्हणजे तिचा ओढायचा जोर किती. माझं म्हणणं, पहिला प्रश्न ‘दांडा किती इंची?’, म्हणजे होडीवरच्या बैठकीतून खाली पंख्यापर्यंत जाणारी नळी किती लांब, हाच असायला हवा. पाउंडांचं नंतर बघू.

ही मोटर प्रवासाची नाही. जायला-यायला होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन आहेच. तिवरांच्या मुळांशी तांबोशी बसलीय, जिताडा फिरतोय, तिथे इंजिन बंद करून, आवाज न करता होडी धरून ठेवायची, यासाठी ती. आणि ती पुढेच का? बैलाला वेसणीला धरून नेलं तर तो वळतो, मागून ढकलून वळत नाही. मागून ढकललेल्या होडीची नाळ वारा फिरवतो. आपल्या कोकणी होड्यांची नाळ तर चांगली उंच, वाऱ्याला आयतीच सापडते. मोटर नाळेवर असली की वारा होडीचं मागचं अंग फिरवतो, नाळ आपल्या ताब्यात राहते.

कल्पना जुनी आहे बरं का. 1881 साली गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसला सीन नदीत विजेवर होडी चालवली. मोटर सुकाणूलाच बसवलेली आणि काढून घरी नेता येईल अशी! मासेमारीची मोटर मात्र अमेरिकेतली. 1934 साली नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावात ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड गाडीच्या स्टार्टरला दांडा आणि पंखा जोडला. फार्गो मिनेसोटाच्या हद्दीवर, म्हणून दोन्ही राज्यांच्या नावांतून कंपनीचं नाव झालं मिन कोटा. मला हे फार आवडतं. गाडीचा स्टार्टर घराघरांत होता, तळी दाराशी होती, आणि कुणाला तरी त्या दोघांची गाठ घालावीशी वाटली.

तर दांडा. आमच्या एका मित्राची सोळा फुटी फायबरची होडी, दाभोळ खाडीत असते. त्याने मोठ्या शहरातल्या एका दुकानातून 55 पाउंडाची मोटर मागवली. दुकानदाराने होडीची लांबी विचारली, वजन विचारलं, बॅटरीही गळ्यात मारली. नाळेची पाण्यापासून उंची किती, हे मात्र एकदाही विचारलं नाही. आली ती 36 इंची दांड्याची. बसवली, जेटीजवळ संथ पाण्यात फिरवली, सगळे खूश. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा होता तोवर कामही झालं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला, ओहोटी त्याच्या उलट वाहू लागली आणि मधल्या पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठल्या. प्रत्येक लाटेला नाळ वर जायची आणि पंखा पाण्याबाहेर. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, मिक्सरमध्ये काही न घालता तो फिरवावा तसा! हसताय, म्हणजे इथेही कुणाच्या तरी होडीवर तो वाजलाय.

त्यात त्या मोटरला जीपीएसचा नांगर. म्हणजे बटण दाबलं की मोटर उपग्रहाकडून जागा घेते आणि स्वतःच होडी तिथे धरून ठेवते. फार सुंदर सोय आहे. पण होडी सरकली की ती मोटर जोर लावणार, जोर लावला की पंखा हवा खाणार, होडी आणखी सरकणार, मोटर आणखी जोर लावणार. अर्धी बॅटरी हवा ढवळण्यात गेली आणि होडी तिवरांत. मित्राने दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, ‘साहेब, मोठी घ्या, 80 पाउंडाची.’ यावर माझा जीव तुटतो. 80 पाउंडाची मोटर म्हणजे 24 व्होल्ट, दोन बॅटऱ्या, दुप्पट खर्च, आणि दांडा तोच आखूड असेल तर 80 पाउंडही हवेतच फिरणार. ज्याने विकलं त्याने टेप एकदा लावायला सांगितली असती तर हे काहीच झालं नसतं.

मोजायचं असं. होडी पाण्यात, इंजिन मागे, टाकी भरलेली, माणसं नेहमीच्या जागी. नाळेवर कुणी उभं राहू नका, नाहीतर ती दबते आणि माप खोटं येतं. मोटरची बैठक जिथे बसणार तिथून पाण्यापर्यंत सरळ खाली टेप सोडा. त्यात वीस-बावीस इंच मिळवा, कारण पंखा पाण्याखाली फूटभर हवा आणि वरही दांडा थोडा उरावा लागतो. खाडीच्या मुखाशी जाणार असाल तर आणखी पाच-सहा. मित्राचं माप निघालं 26 इंच. म्हणजे त्याला 54 इंची दांडा हवा होता, 36 नव्हे.

आता पाउंड. बारा व्होल्टची 55 पाउंडाची मोटर पूर्ण वेगात साधारण 50 अँपिअर ओढते, म्हणजे 600 वॉट, एका अश्वशक्तीहूनही कमी. उत्पादकांचा ठोकताळा दर शंभर पाउंड वजनाला दोन पाउंड. भरलेली होडी 400 किलोची धरली तर अठराच येतात. पण तो ठोकताळा संथ पाण्याचा. आपल्या खाड्यांत पाण्याला ओढ असते. ओढीचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो. म्हणून भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी ओढीच्या दिवसांत आरामात धरणारी मोटर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी हार मानते. अठराच्या जागी 45 ते 55 घ्या. आणि लोखंडी नांगर व वल्हं होडीतून काढू नका. हे मी हात जोडून सांगतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर बसवणं, भरभर.

फायबरचा डेक पातळ असतो, नुसत्या स्क्रूवर बैठक बसवू नका, हिसक्याने उपटते. खालून मरीन प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, आरपार बोल्ट, 316 ग्रेडचं स्टेनलेस, हिसक्याने सैल न होणारे नायलॉक नट. लाकडी होडीत भोकाच्या कडा आधी इपॉक्सीने बंद करा, नाहीतर फळी आतून कुजते. नाळ अणकुचीदार असेल तर आडवी फळी टाकून सपाट जागा करा. बैठक मध्यरेषेपासून किंचित बाजूला चालते, मात्र खाली सोडलेली मोटर फिरताना होडीच्या अंगाला लागता कामा नये. ते भोकं पाडायच्या आधी पाहा, आणि मोटर काढून नेता यावी म्हणून झटपट निघणारी प्लेट घ्या.

वायर. बॅटरी मागे असेल तर जाऊन-येऊन सात मीटर होतात. घरातली चार स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर 50 अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातो. सोळा स्क्वेअर एमएम घ्या, कलई केलेलं तांबं मिळालं तर उत्तम. बॅटरीजवळच 60 अँपिअरचा डीसी ब्रेकर हवा. घराच्या बोर्डातला एमसीबी एसीचा, तो डीसीची ठिणगी नीट तोडत नाही.

बॅटरी. इन्व्हर्टरची ट्युब्युलर उचलून आणू नका. पन्नासेक किलोचं धूड, हलणाऱ्या होडीत ॲसिड सांडणार. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बारा-तेरा किलोची असते. पूर्ण वेगात दोन तास, हळू चालवलीत तर त्याच्या कितीतरी पट. चार्जर मात्र लिथियमचाच घ्या.

मोटर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या, मोटरऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला झिंकचा तुकडा झिजला की बदला. घरी आलात की गोड्या पाण्याने धुवा. आणि महिन्यातून एकदा पंखा काढून मागे बघा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तिथे गुंडाळून बसतं, सील कापतं आणि पाणी मोटरमध्ये शिरतं. पंख्याची पिन आणि नट जास्तीचा जोड म्हणून डब्यात ठेवा, सोबत पाना.

प्रश्न बाहेर चहावर घेऊ. ज्यांनी होडीची मापं लिहून आणलीत, त्यांनी आधी या.