मेण थिजतं तेवढ्यात

(अंधार. काचेवर हळूहळू उजेड येतो.)

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर टिफनी जवाहिऱ्यांचं दुकान. १९५०च्या दशकाची दुसरी पाच वर्षं. शोकेससमोर लोक घुटमळतायत. आत जेमतेम हातभर जागा, तिच्यात मांडलेला एक छोटासा देखावा आणि त्यात कुठेतरी लखलखणारा दागिना. बघणारे दागिना बघतात. देखावा कुणी केला, हे कोण विचारतो?

केला होता 'मॅटसन जोन्स' यांनी. या नावाचा माणूस मात्र नव्हताच. मॅटसन हे रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या आईचं माहेरचं आडनाव, आणि जोन्स म्हणजे थोडंसं वळवलेलं जॉन्स. जॅस्पर जॉन्स. दोघे तरुण चित्रकार बॉनविट टेलर या बड्या दुकानाच्या आणि टिफनीच्या काचा सजवून घरभाडं भागवायचे. खरी नावं राखून ठेवली होती चित्रांसाठी.

आपल्याकडे हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली आणि ते कधी लपवलं नाही. इथे मात्र नावच बदललं. पोटाचं काम एकीकडे, चित्र दुसरीकडे. मधली भिंत पक्की, असं त्यांना वाटत असावं.

(छायाचित्र: तरुण जॉन्स.)

जन्म १९३०चा, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा. लहानपण साउथ कॅरोलायनात. न्यूयॉर्कला पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइनमध्ये थोडा काळ, मग सैन्यात भरती, त्यात काही महिने जपानमधल्या सेंदाईला. १९५३मध्ये परत न्यूयॉर्क. पुस्तकांच्या दुकानात नोकरी, मग शोकेसची कामं.

१९५४मध्ये त्यांनी आपली तोवरची जवळजवळ सगळी चित्रं नष्ट केली. त्याच वर्षी एका रात्री स्वप्न पडलं: आपण अमेरिकेचा भलामोठा झेंडा रंगवतोय. सकाळी उठून खरंच सुरुवात केली.

सुरुवात केली ती घराला लावतात त्या साध्या एनॅमलने. पण तो वाळेचना. पहिला फटकारा ओला, त्यावर दुसरा मारावा तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून एनॅमल बाजूला ठेवलं आणि मेण घेतलं.

(टेबल. तापलेला तवा, त्यावर रंगाचे डबे. हात जवळून.)

हे मधमाश्यांचं मेण. साधारण आठ भाग मेणाला एक भाग राळ, मग कोरडा रंग. मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं. धूर निघू लागला तर ताप जास्त झालाय, आच कमी करा आणि खिडकी उघडा. आता ब्रश बुडवला. डब्यापासून फळीपर्यंत किती अंतर, वीतभर? तेवढ्यात मेणाची चकाकी गेली, ते दुधाळ झालं. ब्रश पुढे ओढावा तर अडतो. त्यामुळे प्रत्येक फटकारा सुटा, जिथे पडला तिथेच थिजलेला. वरून गरम हवा फिरवली की थर क्षणभर घामेजल्यासारखा चमकतो आणि खालच्या थराला धरून बसतो. या पद्धतीचं नाव एनकॉस्टिक, आणि मूळ ग्रीक शब्दात हेच आहे: आच देऊन आत मुरवणं.

युक्ती जुनी. इजिप्तमध्ये फायूमला ममींच्या चेहऱ्यावर बसवलेल्या लाकडी फळ्यांवर, पहिल्या ते तिसऱ्या शतकातली माणसं याच मेणातून आजही रोखून बघतात.

पण जॉन्स यांनी मेण निवडलं ते लगेच थिजतं म्हणून. माझा आपला अंदाज, हे शोकेसवाल्याचं डोकं आहे. सकाळी दुकान उघडायच्या आत काच तयार हवी असते. ओला रंग तिथे चालत नाही. नाव बदललं तरी हात थोडाच बदलतो?

(झेंड्याच्या जवळ, आणखी जवळ.)

वर्तमानपत्राचे कपटे, कापडाचे तुकडे गरम मेणात बुडवून चिकटवलेत. लाल पट्ट्याखालून छापील अक्षरं डोकावतात. तारे ४८, दर राज्यामागे एक, कारण अलास्का आणि हवाई १९५९मध्ये राज्यं झाली. रुंदी दीड मीटरच्या आसपास. लांबून झेंडा, जवळून नुसतं मेण.

१९५७मध्ये गॅलरीवाले लिओ कॅस्टेली राउशेनबर्ग यांची चित्रं बघायला आले. पेयात बर्फ हवा होता, आणि बर्फ होता त्याच इमारतीत, जॉन्सकडे. मंडळी तिकडे गेली. पुढच्या जानेवारीत कॅस्टेलींकडे जॉन्स यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लागलं.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या आल्फ्रेड बार यांनी तिथून तीन चित्रं घेतली. झेंडा त्यांना हवा होता, पण देशभक्त मंडळी भडकतील अशी धास्ती होती. म्हणून त्यांनी वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांना तो विकत घ्यायला सांगितलं. संग्रहालयाला तो मिळाला १९७३मध्ये, जॉन्सन यांची भेट म्हणून, बार यांच्या सन्मानार्थ.

(पुन्हा टेबल. तवा बंद. डब्यातलं मेण कडेकडून पांढरं होत जातं.)