एक झुडूप आणि एक भुंगेरा

ऑक्टोबर २००९. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी झाडी तोडली गेली होती. तिच्या आड दडलेले एक झुडूप मोटारीतून जाणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. ते होते फ्रान्सिस्कन मॅन्झानिटा, छोट्या घटांसारखी फिकट फुले येणारे. १९४७ साली लॉरेल हिलची जुनी दफनभूमी बांधकामासाठी उकरली गेली, तेव्हाच ते निसर्गातून संपले, असे सर्वांनी धरले होते. उरली होती ती वनस्पतिउद्यानांत वाढवलेली कलमे. जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतीच्या सुमारे १० टन मातीसह ते उचलून शहरातल्याच प्रेसिडिओ या विस्तीर्ण उद्यानात हलवण्यात आले आणि नवी जागा गुप्त ठेवली गेली. २०१२ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले.

मृत प्राणी पुरणाऱ्या अमेरिकन भुंगेऱ्याला असे उचलून वाचवता येत नाही. त्याचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असते आणि तेवढ्यात त्याला जोडीदार, मोकळी माती आणि नेमक्या आकाराचा मृत पक्षी किंवा लहान प्राणी मिळावा लागतो. रात्री वासाच्या मागावर आलेली जोडी त्या मृत पक्ष्याखालची माती उकरत जाते, तो जमिनीत ओढून घेते, पिसे काढून त्याचा गोळा करते आणि तो कुजू नये म्हणून आपल्या स्रावाने माखते. अळ्या बाहेर आल्या की आई आणि बाप दोघेही त्यांना तोंडातून अन्न भरवतात. काळ्या पाठीवर केशरी ठिपके मिरवणाऱ्या या जिवाचे हे वात्सल्य पाहून मन हेलावते.

एके काळी हा भुंगेरा अमेरिकेच्या ३५ राज्यांत होता. १९८९ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवले गेले, तेव्हा तो ऱ्होड आयलंडमधील ब्लॉक बेट आणि पूर्व ओक्लाहोमा एवढ्याच ठिकाणी असल्याचे ठाऊक होते. पुढे इतरत्रही तो आढळला आणि २०२० मध्ये त्याचा दर्जा एका पायरीने सौम्य करण्यात आला. मात्र तो का घटला, याचे उत्तर एका रस्त्याकडे किंवा इमारतीकडे बोट दाखवून देता येत नाही. योग्य आकाराचे पक्षी कमी झाले आणि मृत प्राण्यांवर ताव मारणारे इतर प्राणी वाढले, हे त्याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण मानले जाते.

म्हणूनच १९९४ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नँटकेट बेटावर भुंगेरे सोडताना केवळ जोड्या सोडून भागले नाही. त्यांच्यासोबत जमिनीत मृत लावेही ठेवावे लागले.