रस्ता वर, घर खाली

[दृश्य: दक्षिण नागपूर, मानेवाडा–बेसा पट्ट्यातल्या एका ले-आऊटमधली गल्ली. सकाळ. कॅमेरा एका लोखंडी फाटकाच्या तळाशी.]

या फाटकाचा खालचा भाग बघा. पट्टा गॅस कटरनं कापलेला आहे आणि कापलेल्या कडेवर आता गंज चढलाय. घर बांधलं तेव्हा समोर मुरुमाचा रस्ता होता. मग डांबर आलं. काही वर्षांनी त्याच डांबरावर दुसरा थर पडला आणि शेवटी सिमेंट. दर वेळी रस्ता थोडा वर चढला, फाटक मात्र होतं तिथंच राहिलं. एक दिवस ते उघडेना, म्हणून कापावं लागलं.

आता रस्त्यावरून अंगणात यायचं तर दोन पायऱ्या उतरायच्या. आतल्या बाजूला विटांचा बुटका बांध घातलाय, पावसाचं पाणी थोपवायला. त्या बांधावरून स्कूटी बाहेर काढायची तर एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मागून उचलायचं. घरात म्हातारं माणूस असेल तर संध्याकाळी देवळात जायलासुद्धा कुणाचा तरी हात लागतो.

मनीषनगर, बेलतरोडी, पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा. या सगळ्या पट्ट्यात अशी फाटकं गल्लोगल्ली दिसतात.

[दृश्य: वर्धा रोड. मेट्रोचा खांब, उड्डाणपूल, खालून जाणारी वाहनं.]

नागपूरला रस्त्यांचं अप्रूप पहिल्यापासून आहे. 2000 सालाच्या आसपास एकात्मिक रस्ते विकास कार्यक्रम आला. तेव्हाचे महापालिका आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या काळात अतिक्रमणं निघाली, मुख्य रस्ते रुंद झाले, आणि बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवरून घरी येईपर्यंत रस्त्यांचं कौतुक करू लागला. पुढं सिमेंट रोडचे टप्पे सुरू झाले. वर्धा रोडवर वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि खाली रस्ता अशी दुमजली बांधणी उभी राहिली. ती 3 किलोमीटरहून लांब आहे. या कामांचा अभिमान वाटावा अशीच ती आहेत.

पण शहर राहतं गल्लीत. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाख होती. त्यानंतरची वाढ बघायची तर रिंग रोड ओलांडून दक्षिणेकडं यावं लागतं. इथं रस्ता सुधारायचा म्हणजे काय, हा प्रश्न मुख्य रस्त्यांपेक्षा फार वेगळा आहे. इथं रुंदी बरीचशी आधीच ठरून गेलेली असते. ठरायची राहिलेली असते ती पातळी. साइटवर तिला लेव्हल म्हणतात.

[दृश्य: जुन्या ले-आऊटचा निळसर नकाशा, मग त्याच जागेचं वरून घेतलेलं चित्रण.]

हे ले-आऊट शेतांवर उभे राहिले. शेतमालकाकडून जमीन घ्यायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, प्लॉट पाडायचे, मधे वीस-तीस फुटांचा रस्ता सोडायचा आणि हप्त्यांवर विकायचे. घेणारे कोण? शिक्षक, रेल्वेतले, कोळसा खाणींच्या कार्यालयातले, आयुध निर्माणीतले, छोटे दुकानदार. पगारातून पै-पै वाचवून त्यांनी प्लॉट घेतला, दहा-दहा वर्षं तो नुसता राखला आणि मग एकेक खोली चढवली. त्यांना दोष देण्यात काहीच अर्थ नाही. शहरात परवडेल अशी जागा दुसरीकडं नव्हती.

आखणीत मात्र एक गोष्ट राहून गेली. प्रत्येक ले-आऊट आपल्या शेताच्या धुऱ्यापुरता आखलेला. शेजारच्या ले-आऊटचा रस्ता कुठं निघतो, पाणी कोणत्या बाजूनं उतरतं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून या नकाशात तीस फुटांचा रस्ता नाकासमोर येतो आणि पुढच्या ले-आऊटच्या भिंतीला जाऊन थांबतो. पावसाचं पाणीही तिथंच थांबतं.

2001 साली राज्यानं गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले असे प्लॉट नियमित करण्याचा कायदा केला. नागपूर सुधार प्रन्यास ही 1936 च्या कायद्यातून आलेली संस्था. तिच्याकडं असे ले-आऊट नियमित करण्याचं काम आलं. नियमित करायच्या ले-आऊटच्या संख्येवरून पडलेले '572 ले-आऊट' आणि '1900 ले-आऊट' हे शब्द नागपूरकरांच्या तोंडी बसलेत. डिमांड नोट भरायची, विकास शुल्क भरायचं आणि आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, हातात आलं की घर कायदेशीर. लाखो लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यामुळं दूर झाली. पण कागद नियमित झाला तरी जमिनीचा चढउतार तुकड्यातुकड्यांतच राहिला.

[दृश्य: सिमेंट रोडचं काम. सळया, फळ्या, ओतलं जाणारं काँक्रीट.]

आता सिमेंट रोड कसा होतो ते बघू. वरचा काँक्रीटचा थर साधारण वीस सेंटिमीटरचा, आणि त्याखाली कोरड्या काँक्रीटचा आणखी एक थर. दोन्ही मिळून फूटभर उंची सहज होते. आधीचा रस्ता तेवढा खोल खणून काढला तर नवा रस्ता जुन्याच लेव्हलला बसतो. खणायला वेळ जातो, निघालेला मलबा वाहून न्यावा लागतो, खालून गेलेल्या पाण्याच्या लाइनला धक्का लागायची भीती असते. ते टाळून जुन्या डांबरावरच काँक्रीट अडवायच्या फळ्या लावल्या की रस्ता फूटभर वर येतो. आणि सिमेंट टिकतं दोन-तीन दशकं. म्हणजे आज चुकलेली लेव्हल पुढची पिढी भोगणार.

काँक्रीटच्या रस्त्याला मधून कडेकडे उतार देतात, मीटरमागे साधारण 2 सेंटिमीटर. पाणी रस्त्यावर थांबू नये म्हणून. हे बरोबरच आहे. प्रश्न हा, की कडेला आलेलं पाणी पुढं जाणार कुठं? कडेला नाली असेल, तिचं तोंड रस्त्याखाली असेल आणि ती पुढच्या नाल्याला खरोखर मिळत असेल, तर ते निघून जातं. नाही तर ते पहिल्या खोलगट अंगणात शिरतं.

रिकामे प्लॉट हा त्यातला आणखी एक भाग. मालक मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात. प्लॉट तसाच पडलेला. चारी बाजूंचे रस्ते वर आले की तो प्लॉट आपोआप डबकं होतो. जुलैपासून दिवाळीपर्यंत पाणी, त्यात झुडपं, डास, आणि शेजारच्या घराच्या पायात ओल.

खाली माती आहे काळी. कपाशीची, विदर्भाची. पाणी पिऊन ती फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. रस्त्याच्या कडेला पाणी मुरत राहिलं तर सिमेंटच्या पट्ट्याखालची माती दर पावसाळ्यात हलते. फुटपाथ खचतात, चेंबरची झाकणं वर येतात किंवा खाली जातात. नाली हा रस्त्याचा भाग आहे, रस्ता झाल्यावर निधी उरला तर करायचं ते काम नव्हे. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली तरी निम्मे प्रश्न सुटतील, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: 23 सप्टेंबर 2023. अंबाझरी परिसरातलं पाणी, चिखलात रुतलेल्या गाड्या. संग्रहातील छायाचित्रं.]

23 सप्टेंबर 2023 ची पहाट पश्चिम नागपूर विसरणार नाही. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला आणि झोपेतल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलं. डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी ही काही शहराबाहेरची वस्ती नव्हे. तिथं असं होऊ शकतं, तर दक्षिणेला पोरा नदीकडं उतरणाऱ्या छोट्या नाल्यांकडं किती बारकाईनं बघायला हवं! नाल्याची वाट नकाशावर निळ्या रेघेनं दाखवायची, तिच्यावरच्या प्रत्येक पुलाखालचं तोंड मोजायचं आणि मगच त्या भागातल्या रस्त्यांची उंची ठरवायची. क्रम असाच असायला हवा.

[दृश्य: उखडलेले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. एक बाई भाजीची पिशवी घेऊन फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालतेय.]

सिमेंटच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गट्टू बसवतात. बसवले की दिसतात छान. मग कुणी केबल टाकायला येतं, कुणी गॅसची लाइन, कुणी नळाची जोडणी. गट्टू निघतात आणि परत बसताना खालची रेती नीट दाबली जात नाही. इथं बघा: तीन गट्टू खाली, एक तिरका, मधे चेंबरचं झाकण बोटभर वर. काठी टेकत चालणाऱ्याला एवढं पुरे.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली आहे आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं म्हटलंय. वीस फुटांच्या गल्लीत दोन्हीकडं एवढा फुटपाथ बसणार नाही, हे उघड आहे. तिथं वेगळा फुटपाथ नकोच. सगळा रस्ता एका पातळीत ठेवून गाड्यांचा वेग कमी करायचा. पण ज्या रस्त्यानं पोरं शाळेत जातात आणि लोक मेट्रोकडं चालत जातात, तिथं फुटपाथ सलग हवा. नागपूरची मेट्रो 2019 साली सुरू झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या टप्प्याचे सगळे मार्ग खुले झाले. मनीषनगरच्या माणसाला उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्टेशन लांब नाही. पण ते अंतर चालताना किती वेळा फुटपाथवरून खाली उतरावं लागतं, हे मोजलं पाहिजे.

आणि सावली. 45 अंशांच्या शहरात झाडाशिवाय फुटपाथ म्हणजे मार्च ते जून बंद असलेला फुटपाथ. सिव्हिल लाइन्समधून दुपारी चालता येतं ते तिथल्या जुन्या झाडांमुळं. नव्या ले-आऊटमध्ये कडुनिंब, बहावा, करंज लावायचे तर त्यांची जागा आराखड्यातच सोडावी लागते: बुंध्याभोवती मीटरभर उघडी माती, आणि मुळांच्या आड येणार नाही अशी केबलची वाट. गट्टू बसल्यावर झाडाला जागा शोधली की ते बुंध्याशी आवळलं जातं.

भाजीवाल्यांचे, चणे-फुटाणेवाल्यांचे ठेले आणि चौकातला पानठेला यांचाही हिशेब याच आराखड्यात धरायला हवा. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना हक्क दिलेत आणि त्यासाठी शहर फेरीवाला समितीही सांगितली आहे. जागा आखून दिली नाही तर ठेला फुटपाथवर येतो, आणि मग महिन्याआड अतिक्रमणाची गाडी.

[दृश्य: पूर्व नागपूर. पारडी–पुनापूर भागातलं मोकळं शिवार, आखलेले रस्ते.]

सगळीकडं अशी उशिराची डागडुजीच करावी लागते असं नाही. पूर्वेला पारडी, भरतवाडा, पुनापूर भागात स्मार्ट सिटीअंतर्गत नगररचना योजना हाती घेतली गेली. 1730 एकरांचं ते क्षेत्र. अशा योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरतात, आधी रस्ते, नाल्या आणि मोकळ्या जागा आखतात आणि मग प्रत्येकाला नव्यानं आखलेला प्लॉट परत देतात. त्यात वेळ जातो, वाद होतात, कुणाचं घर रेषेत येतं आणि त्या कुटुंबाची झोप उडते. त्यांचं पुनर्वसन आधी व्हायला हवं, हे ठामपणे सांगितलं पाहिजे. पण पाणी कुठून कुठं जाणार हे अख्ख्या शिवारासाठी एकदम ठरवता येतं, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

[दृश्य: बेलतरोडीच्या पुढचा मुरुमाचा रस्ता. अर्धवट घरं, विजेचे नवे खांब.]

दक्षिणेला बेलतरोडीच्या पुढं, बेसा–पिपळा नगरपंचायतीच्या हद्दीत आणि महानगर प्राधिकरणाच्या 719 गावांपैकी कितीतरी गावांच्या वेशीवर अजून मुरूमच आहे. इथं काम योग्य क्रमानं करता येईल. आधी गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची. मग पाण्याची लाइन. मग केबलसाठी रस्त्याच्या आडवे पाइप, म्हणजे पुढं काँक्रीट फोडावं लागणार नाही. मग पावसाळी नाली, आणि सर्वांत शेवटी रस्ता. आणि या सगळ्याच्या आधी, उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, लेव्हल मशीन लावून घराघरांच्या जोत्याची उंची नोंदवायची. एका ले-आऊटला हे काम काही दिवसांचं आहे.

नागरिकांच्या हातातही थोडं आहे. विकास आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. गल्लीचं काम निघतं तेव्हा झोन कार्यालयात किंवा नगरपंचायतीत जाऊन रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारं चित्र, मागता येतो. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. त्या एका कागदावर जुन्या आणि नव्या रस्त्याची उंची, जोत्याची उंची आणि नालीचा तळ, हे चार आकडे आहेत का ते बघा. अंदाजपत्रकात जुना रस्ता खणून काढायची रक्कम धरली आहे का, आणि नालीचं दुसरं टोक कोणत्या नाल्याला मिळतं, हेही विचारा. चारचौघांच्या सह्यांनी लेखी विचारा आणि पोच घ्या. फळ्या लागायच्या आत विचारलं तर रेघ खोडून दुसरी मारता येते. काँक्रीट पडल्यावर कटरच लागतो.